गुरुवारची तालीम

आमच्या घरमालकांना मोठ्याने बोलताना ब्रह्मपुरीत कुणी ऐकलं नव्हतं. लग्नात चर्चमध्ये यांनी 'हो' म्हटलं की नाही हे पाळकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द काकू सांगायच्या. ते कुजबुजायचे. पण ती कुजबुज अशी तयारीची, की ओसरीच्या या टोकाला बसून बोलले तर त्या टोकाच्या माणसाला शब्द न् शब्द कळावा आणि मधल्याला वाटावं, वारा सुटला.

ही विद्या त्यांनी नाटकांत कमावली होती. त्या भागात धान घरात आलं की गावोगाव मांडव पडतात आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. हे त्या नाटकांचे प्रॉम्प्टर. उमेदीची सगळी वर्षं विंगेत मांडीवर पुस्तक धरून काढलेली. राजे, पाटील, खलनायक, सगळे त्यांनी एकाच बाजूने पाहिले. एखादा जुना नट रस्त्यात समोरून आला तर ते ढिम्म ओळखायचे नाहीत. तो शेजारून जाऊ लागला आणि त्याचा डावा कान दिसला, की मात्र हरखून त्याचं नाव कुजबुजायचे. गावात त्यांना सगळे प्रॉम्टरभाऊ म्हणत. नाटकं सुटून जमाना झाला होता, पण खोड काही सुटली नव्हती. समोरचा बोलता बोलता थांबला की यांचा जीव खाली-वर व्हायचा आणि ते त्याला पुढचं वाक्य द्यायचे. बाजारात भाजीवाली वांगी हातात घेऊन विचारात पडली की हे हळूच म्हणायचे, "'घ्या, तुमच्यासाठी सस्त लावते' म्हण." ती बिचारी म्हणून जायची आणि मग कपाळाला हात लावायची.

चर्चमध्ये तर त्यांनी कहर केला होता. आमच्या पाळकसाहेबांना उपदेशात मध्येच थांबायची हौस. "आणि मग... प्रभूने काय केलं?" असं म्हणून ते डोळे मिटून उभे राहायचे. लगेच पहिल्या बाकावरून उत्तर यायचं. पाळकसाहेबांनी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं. उत्तर तिथूनही तितकंच स्वच्छ पोचलं. शेवटी पाळकसाहेबांनी थांबणंच बंद केलं. उपदेश निम्म्यावर आला आणि सगळी मंडळी प्रॉम्टरभाऊंना दुवा देऊ लागली.

मी नगरकडचा. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो होतो आणि खोली शोधत त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझं नाव विचारलं. नावावरून मी ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं, डाव्या बाजूने जरा जास्त.

"खोली देतो. पन पार्ट घ्या लागन."

"कसला पार्ट?"

"गुरुवारी संध्याकाळी तालीम रायते. मंडळीतले लोक येते. बायबलची."

म्हणजे शास्त्राभ्यास, हे माझ्या ध्यानात आलं. बायबल वाचण्यात मी पहिल्यापासून कच्चा. दर नव्या वर्षी उत्पत्तीपासून मोठ्या उमेदीने सुरू करायचो आणि संक्रांत येईपर्यंत गाडं वंशावळीच्या चिखलात रुतायचं. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा. त्या चिखलात मला जी झोप लागायची ती गादीवरही लागली नाही. परिणामी जगाची निर्मिती मला तोंडपाठ होती, पुढे त्या जगाचं काय झालं याची फारशी माहिती नव्हती. आई मात्र रोज फोनवर विचारायची, "वाचलंस का रे बायबल?" आणि मी रोज "हो" म्हणायचो.

खोलीत राहायला गेलो त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. तिने खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात नेहमीचा प्रश्न विचारला. मी क्षणभर घुटमळलो, तेवढ्यात दारातून घरमालकांची कुजबुज आली, "'नाई वाचलं' म्हना. खरं सांगा." मी म्हणून गेलो. तिकडे आई म्हणाली, "कोण आहे रे ते तुझ्याजवळ? चांगला माणूस दिसतो."

पहिल्या गुरुवारी 'वंशावळीत मला झोप येते' असं आधीच सांगून गेलो, तर नेमकी वंशावळच चालू होती. ओसरीवर सतरंजी, कोपऱ्यात काकू लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या, आणि माणसं एकामागून एक ओसरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जात होती. प्रॉम्टरभाऊ भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तक धरून एकेक नाव देत होते. नाव दिलं की त्या नावाच्या माणसाने उठायचं, आपल्या चालीने चालायचं आणि पलीकडे बसायचं.

"इतक्या लोकायनं एन्ट्री घेतली सर," ते मला म्हणाले, "अन् तुमाले झोप येते म्हनता? उठा. तुमी मथुशलह. समद्यात म्हातारे तुमीच."

मी काठी मागून घेतली आणि वाकत वाकत गेलो. पलीकडे बसलेल्या सिस्टरबाई म्हणाल्या, "मेला नाई अजून?" सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. दवाखाना सुटला होता, पण वॉर्डाच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज कायम होता. त्या संध्याकाळी मला वंशावळीत झोप आली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

प्रॉम्टरभाऊंची दुसरी रीत याहून वाईट. ऐन रंगात आलं की ते पुस्तक मिटायचे. नोहाचं तारू तयार झालं, आभाळ फाटलं, पाणी चढायला लागलं, आणि फाटकन पुस्तक बंद.

"अवो, पानी छातीलोक आलं नं!" सिस्टरबाई ओरडल्या.

"मंग आठ दिवस पोहत राहा."

पुढचं घरी वाचायला सक्त मनाई होती. "ज्यानं पुढचं वाचलं त्याचा पार्ट काढून घेईन," ते म्हणायचे. झालं! ज्या पुस्तकाला मी आईच्या धाकानेही हात लावला नव्हता, ते मी दाराला कडी लावून चोरून वाचायला लागलो. ओसरीवर पाऊल वाजलं की वनस्पतिशास्त्राचं पुस्तक वर ओढायचो. सिस्टरबाई स्वयंपाकघरात फोडणीच्या आडून वाचायच्या, हे त्यांनीच मला खासगीत सांगितलं. आईने फोनवर विचारलं की मी बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचो, "छे छे, नाही वाचलं." मी आज परत नगरला आहे, मला कुणाची मनाई नाही, रोज सकाळी वाचतो, तरी दाराकडे एकदा पाहून घेतल्याशिवाय पान उलटत नाही.

एकदा पाळकसाहेब तपासणीला आले. म्हणाले, "हा शास्त्राभ्यास आहे की नाटक?" प्रॉम्टरभाऊंनी त्यांना याकोबाचा पार्ट दिला. पुढच्या गुरुवारपासून पाळकसाहेब वेळेच्या आधी येऊन बसू लागले.

मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, तुम्ही याला तालीम म्हणता. मग प्रयोग कधी?"

"लागन ना कधी तरी."

"कुठे?"

"ते आपल्याले काऊन सांगतीन? दवाखान्यात लागन, कोर्टात लागन, कोनाच्या दारात लागन. त्या दिवशी मांगं कोनी पुस्तक घेऊन बसून नाई रायत सर. आज तालमीले आले नाई तं तिथी तत-पप कराल."

हे ते फार सहज बोलले. मला तेव्हा वाटलं, म्हातारा छान बोलतो. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर एक नेमकं दार होतं, हे मला पुढे कळलं.

थंडीत योसेफाची गोष्ट सुरू झाली. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, परक्यांना विकलं, तो मिसर देशात जाऊन मोठा अधिकारी झाला, आणि दुष्काळ पडल्यावर तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात येऊन उभे राहिले. योसेफाचा पार्ट सिस्टरबाईंनी आवाजाच्या जोरावर मिळवला. त्याला विकायची अक्कल ज्याने काढली तो भाऊ यहूदा. तो पार्ट आमच्या मंडळीतल्या एका ऑटोवाल्याला मिळाला. मला सगळ्यात धाकटा भाऊ बन्यामीन दिला. बन्यामीनाला सबंध गोष्टीत एकही वाक्य नाही. मी तक्रार केली तर म्हणाले, "तुमी फक्त उभे राहा. बन्यामीन उभा रायल्यानंच समद्यायले रडू येते."

घेतलेला पार्ट आठवडाभर अंगावर वागवायचा, असाही एक नियम होता. त्यामुळे सिस्टरबाईंनी त्या ऑटोत बसणं सोडलं. भर बाजारात म्हणायच्या, "यानं मले विकलं. मी पायी जाईन, पन याच्या ऑटोत नाई बसनार." ऑटोवाला गिऱ्हाइकांसमोर हात जोडायचा. गावातल्या लोकांना वाटायचं, केवढं मोठं लफडं झालंय.

गोष्ट पुढे सरकली. भाऊ योसेफासमोर आले. योसेफाने त्यांना ओळखलं, त्यांनी याला ओळखलं नाही. बन्यामीनाच्या पोत्यात चांदीचा पेला सापडला, म्हणजे मी चोर ठरलो. आता यहूदाने पुढे येऊन बन्यामीनाला सोडा म्हणून गयावया करायची आणि योसेफाने 'मीच तुमचा भाऊ' म्हणून हंबरडा फोडायचा, एवढंच उरलं. प्रॉम्टरभाऊंनी पुस्तक मिटलं. त्याचं काही नाही, ते मिटायचेच. पण पुढच्या गुरुवारी त्यांनी परत खड्ड्यापासून सुरू केलं. परत पेला सापडला, परत पुस्तक मिटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा खड्डा.

"अवो, माहे अकराही भाऊ म्हातारे होऊन राह्यले," सिस्टरबाई चिडल्या. "रडू द्या नं मले एकदाचं!"

"तालीम कच्ची हाये," ते म्हणाले आणि आत निघून गेले. पाठमोरे गेले, आणि इतके घाईने गेले की पुस्तक सतरंजीवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना विचारलं. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं.

"ते पुढे नाई जानार सर. तिथी याहीचंच घोडं अडलं हाये."

मग त्यांनी सांगितलं. प्रॉम्टरभाऊंना सख्खा धाकटा भाऊ होता. यांच्याच नाटक मंडळीचा हिरो. उंचापुरा, आवाज असा की मांडवाला भोंगा नसता तरी चाललं असतं. पाठांतर मात्र शून्य. थोरल्याने विंगेतून वाक्य द्यायचं, धाकट्याने झेलून गर्जायचं, आणि टाळ्या घ्यायच्या. अशी दोघांची जोडी. एकदा भर प्रयोगात आतली कुजबुज जरा जास्त ऐकू गेली. धाकट्याने वेळ मारून न्यायला लोकांकडे पाहून म्हटलं, "विंगेत उंदीर हायेत काय जी?" मांडव हसून लोळला. थोरल्याने ते ऐकलं आणि पुस्तक मिटलं.

"मिटलं म्हणजे?"

"मिटलं. मांडीवर ठेवून बसले. तो तिथी उभा. तोंड हलते, शब्द नाई. विंगेकडे पाह्यते, तं हे वर छताकडे पाहून राह्यले. लोकायनं आधी शिट्या मारल्या, मंग चपला. त्या दिवसापासून तो कधी स्टेजवर चढला नाई. अन् याच्याशी बोल्ला नाई." काकूंनी पाखडायला घेतलं. "वडशाच्या पुढे रायते. मधात वैनगंगेचा पूल तेवढा. हे पुलालोक जातेत अन् वापस येतेत. मले सांगतेत, फिराले गेल्तो."

मला त्यांचा राग आला नाही, कीव आली. सगळ्या जगाला पुढचं वाक्य देणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच दिलं नाही, ते सख्ख्या भावाला. आणि आता स्वतःला लागणारं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. बायबल उघडलं की ते बरोबर त्या पानापर्यंत यायचे आणि मागे फिरायचे, पुलावरून फिरायचे तसे.

पुढच्या गुरुवारी मार्कंड्याची जत्रा होती. ऑटोवाला भाडी घेऊन तिकडे गेलेला. यहूदा नाही म्हणून प्रॉम्टरभाऊ तालीम रद्द करायला निघाले, तर सिस्टरबाई आडव्या आल्या.

"यहूदा तुमी करा."

"मी? मी प्रॉम्टर हाओ. माहा पार्ट नाई रायत."

"आज हाये."

काकूंनी उठून त्यांच्या हातातलं पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ते बल्बच्या उजेडात उभे राहिले. हात कुठे ठेवावेत हेही त्यांना कळेना. सगळं पाठ असणारा माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना. मी कुजबुजलो, "'पोराच्या बदली मला ठेवून घ्या' म्हणा." ते तेवढं म्हणाले. सिस्टरबाई म्हणाल्या, "आवाज!" त्यांनी मान हलवली, आणि मग माझ्याकडे न बघता, मी न दिलेलं म्हणाले, "आमीच केलं. तो आमच्याकडे पाहून राह्यला होता. आमाले दिसत होतं. तरी आमी काही केलं नाई."

योसेफाला अजून रडायचं नव्हतं, पण सिस्टरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. योसेफाचा बाप याकोब झालेले पाळकसाहेब तर आधीच नाक पुसत होते.

"पुस्तक मिटा सर," प्रॉम्टरभाऊ म्हणाले.

"आणि पुढचं?"

"पुढचं रविवारी. उपासना झाल्यावर. ऑटो सांगून ठेवा."

रविवारी आम्ही निघालो. पुढे ऑटोवाला, त्याच्या शेजारी मी अर्धा बाहेर, मागे काकू, मधे प्रॉम्टरभाऊ आणि त्यांच्या पलीकडे सिस्टरबाई. बसताना त्या ऑटोवाल्याला म्हणाल्या, "आज माफ. आज बसते." पूल आला तेव्हा प्रॉम्टरभाऊंनी पुढचा दांडा गच्च धरला. म्हणायची वाक्यं आम्ही रस्ताभर त्यांच्याकडून घोकून घेत होतो. मोठी नव्हती. 'माझं चुकलं. मी पुस्तक मिटायला नको होतं.' बस.

भावाच्या अंगणाला बेशरमाच्या झुडपांचं कुंपण होतं आणि कुंपणाशी तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, मोठा ढीग. काकूंनी फर्मान काढलं की आत ते एकटेच जातील. आम्ही बाकीचे तणसाआड दडलो.

अंगणात खाटेवर एक म्हातारा दोर वळत बसला होता. प्रॉम्टरभाऊ समोर जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने वर पाहिलं. यांनी त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यांवर ओळखीचं काही दिसेना. मला वाटलं, घर चुकलं. इतक्यात म्हातारा तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला उजवीकडे वळला, त्याचा डावा कान यांच्यापुढे आला, आणि प्रॉम्टरभाऊंना ओळख पटली.

पण शब्द निघेना. आता म्हातारा दोर खाली ठेवून एकटक पाहत होता. मला राहवेना. मी तणसाआडून कुजबुजलो, "'माझं चुकलं' म्हणा." त्याच क्षणी काकूंनीही तेच दिलं, ऑटोवाल्यानेही दिलं, आणि सिस्टरबाईंची कुजबुज तर शेजारच्या गावात ऐकू गेली असेल.

म्हाताऱ्याने मान वळवून ढिगाकडे पाहिलं. म्हणाला, "तणसात उंदीर हायेत काय?"

काकूंनी माझं मनगट धरलं. झालं, मला वाटलं, संपलं. आता हे मागे वळतील आणि पुलापर्यंत पायी जातील.

प्रॉम्टरभाऊ वळले नाहीत. ते आमच्या ढिगाकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

"हायेत," ते म्हणाले. "मीच आनले." मग त्यांनी श्वास घेतला. "माहं चुकलं, बाबू. मी पुस्तक मिटाले नाई पायजे होतं."

मोठ्याने म्हणाले. ढिगामागे आम्हाला, कुंपणापलीकडे बैलांना पाणी दाखवणाऱ्या माणसाला, सगळ्यांना ऐकू गेलं. काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याचा आवाज ऐकला.

धाकटा उठून उभा राहिला. अजून उंच होता. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली, एक हात हिरोसारखा वर गेला आणि तिथेच अडकला. शब्द काही येईना. तो तसाच उभा, जसा तेव्हा मांडवात उभा राहिला असेल. याच्यासाठी आमच्याजवळ वाक्य नव्हतं, याची तालीमच झाली नव्हती. आणि आमच्या घरमालकांना तर दुसऱ्याचं थांबणं कधी सोसलंच नव्हतं. ते एक पाऊल पुढे झाले, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि आपल्या जुन्या, सरावाच्या कुजबुजीत म्हणाले, "'ये दादा, घरात ये' म्हण."

"ये दादा!" धाकटा गर्जला. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या, आतून त्याची बायको धावत आली. "घरात ये!"

मला रडू आलं. माझ्या शेजारी तिघंही रडत होते. मोठ्याचा दंड धरून धाकटा दारापर्यंत गेला, उंबऱ्याशी थांबला आणि लहान मुलासारखं त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "अन् पुढचं?"

"पुढचं मले नाई माहीत," प्रॉम्टरभाऊ म्हणाले. "आमची तालीम इथपर्यंतच झाली."